बघून आण!

साठी उलटेपर्यंत कुऱ्हाडीशी माझा जो काही संबंध आला तो म्हणींपुरता. ‘आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेऊ नका’ हे वाक्य बँकेत असताना मी कर्ज मागायला आलेल्या मंडळींना शेकडो वेळा ऐकवले आहे, आणि ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करून शाळेत गुणही मिळवले आहेत. पण प्रत्यक्ष कुऱ्हाड हातात धरण्याची वेळ पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसावर यावी कशाला? आमच्या घरातले सर्वांत भयंकर हत्यार म्हणजे नारळ खवायची विळी. तीही बिचारी सुऱ्या आल्यापासून फडताळाच्या तळाशी जाऊन बसली आहे.

ती वेळ आली २०२० साली. त्या वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. आमचे मूळ घर श्रीवर्धनच्या बाजूला. घरामागे नारळ-सुपारीची वाडी, आणि मागल्या दाराशी आजोबांनी लावलेला फणस. घरी दादा आणि वहिनी, दोघेच. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, म्हणजे तेव्हा बहात्तरचा. वादळानंतर कित्येक दिवस तिकडे ना वीज, ना फोन. इकडे आम्ही टाळेबंदीत अडकलेलो. जिल्हा ओलांडायचा तर परवाना हवा. शेवटी एकदाचा फोन लागला तेव्हा दादाने तीनच वाक्ये उच्चारली. “आम्ही बरे आहोत. वाडी गेली. फणस पडला.”

मी पोचलो तो सप्टेंबर संपता संपता. तोवर यंत्राची करवत घेऊन फिरणाऱ्या लोकांनी घरावर पडलेला बुंधा कापून बाजूला केला होता आणि ते पुढच्या घरी गेले होते. प्रत्येकाच्याच दारात झाड आडवे, त्यांनी तरी किती पुरे पडावे? फांद्यांचा आणि नारळाच्या खोडांचा ढीग मात्र परसात तसाच होता. दादाला सगळे लाकूड पुढच्या पावसाळ्याआधी फोडून न्हाणीच्या चुलीसाठी रचून ठेवायचे होते. हे त्याने फोनवर सांगितलेले असल्यामुळे मी रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातून कुऱ्हाड घेऊन गेलो होतो. काय तिचा थाट! पात्याला लालभडक रंग, त्यावर सोनेरी चिठ्ठी, दांड्याला पिवळे चकचकीत रोगण. आमची ही म्हणाली होती, “दिवाणखान्यात भिंतीवर लावा. शोभेल.” दादाने ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच विचारले, “लोखंडाला रंग कशाला दिलाय?”

मला त्याचा थोडा रागच आला. एवढ्या लांबून हौसेने आणलेली वस्तू. निदान ‘छान आहे’ म्हणावे की नाही?

पहिल्याच दिवशी ती नारळाच्या खोडावर चालवली आणि धार काही ठिकाणी दुमडली, पुठ्ठ्याचा कोपरा दुमडावा तशी. दादाने ती दगडावर घासून सरळ केली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः चार घाव घालून पाहिले, तेव्हा हाताला एक बारीकशी टकटक जाणवली. पाते दांड्यावर किंचित हलत होते. हे मी बोललो नाही. आता खरे सांगतो, का बोललो नाही ते. माझ्या कुऱ्हाडीत आणखी एक खोट निघाली हे दादाला कळू द्यायचे नव्हते. लाकूड पाण्याने फुगते एवढे शास्त्र मला ठाऊक होते. रात्री सगळे झोपल्यावर मी गुपचूप कुऱ्हाड बादलीत उलटी बुडवून ठेवली. सकाळी टकटक बंद! मी स्वतःवर खूश झालो.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. दुपारी अकराच्या सुमारास दादा फणसाची फांदी तोडत होता आणि वहिनी न्हाणीच्या दाराशी बसून चुलीतली राख भरत होती. ती टोपली घेऊन उठली आणि आत वळली. दादाने कुऱ्हाड मागे नेली, आणि त्याच्या हातात नुसता दांडा राहिला. पाते त्याच्या डोक्यावरून मागे गेले आणि न्हाणीच्या पत्र्यावर जाऊन आदळले. वहिनी जिथे बसली होती, तिथून वर हातभर अंतरावर पत्र्याला चीर पडली होती.

कोणी ओरडले नाही. वहिनी बाहेर आली, पत्र्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “हात धुऊन घ्या, पाने वाढते.”

त्या संध्याकाळी पडवीत बसलो असताना मी बादलीची हकिगत दादाला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबांची कुऱ्हाड असती तर नवी लागलीच नसती.”

“कुठे आहे ती?”

“तू विकलीस.”

मला आठवेना. मग त्याने सांगितले. १९९८ साली घराची कौले उतरवली तेव्हा माळा आवरण्याचे काम मी उत्साहाने अंगावर घेतले होते. भंगारवाल्याला बोलावून फुटके कंदील, मोडका रहाट, गंजके कोयते असे सगळे किलोवर घातले, आणि घर स्वच्छ केल्याच्या आनंदात पुण्याला निघून आलो. त्या ढिगात दांडा नसलेले एक काळे पाते होते. ते मला अंधुक आठवले. “दांडा मीच काढला होता,” दादा म्हणाला, “नवा घालायचा म्हणून.” बावीस वर्षांत हे त्याने एकदाही बोलून दाखवले नव्हते. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाला, “आता दुसरी आणायची तर तूच आण. पण बघून आण.”

‘बघून आण’ हे आजोबांचे वाक्य. बाजारात मीठ आणायला पाठवले तरी ते पाठीमागून ओरडत, “बघून आण रे!” आता, मिठात काय बघायचे हे मला तेव्हा कळले नव्हते, आणि कुऱ्हाडीत काय बघायचे हे त्रेसष्टाव्या वर्षीही कळत नव्हते.

परत येताना ताम्हिणी घाट चढून पौडच्या अलीकडे आलो आणि रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचे पाल दिसले. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. महाराणा प्रतापाच्या सैन्याची शस्त्रे आपल्या पूर्वजांनी घडवली असे ही मंडळी सांगतात; आज ती गावोगावच्या बाजारांत विळे, खुरपी आणि कोयते घडवतात. जमिनीत खणलेली लहानशी भट्टी, शेजारी रोवलेली ऐरण. एक म्हातारा सांडशीने तापले लोखंड धरून बसलेला, आणि त्याची सून दोन्ही हातांनी घण डोक्यावर नेऊन घालीत होती. घिसाड्यांत घण बायकाही घालतात हे ऐकून होतो; डोळ्यांनी पाहिले तेव्हा मात्र गाडीतून उतरताना जरा ताठ उभे राहावेसे वाटले. म्हातारा हातातल्या लहान हातोडीने जिथे टिचकी मारी, नेमका तिथेच तिचा घण पडे. दोघांत एक अक्षर बोलणे नाही.

मी गाडीतून ती लाल कुऱ्हाड काढून दाखवली. म्हाताऱ्याने दांडा नाकाशी नेऊन हुंगला. “ओल्या लाकडाचा घातलाय सायेब. ओला दांडा वाळला की आखडतो. अन् पाण्यात ठेवली व्हती जनू?”

मी मान डोलावली.

“मग ती जानारच. फुगताना लाकूड नेढ्यात चेपतं. वाळलं की हुतं त्याहून बारीक हुतं.” आणि सुनेकडे पाहून तो हसला. एका वाक्यात त्याने माझे शास्त्र निकालात काढले.

“मला चांगली कुऱ्हाड हवी आहे,” मी म्हणालो.

“फोडायला का तोडायला?”

कुऱ्हाड घेणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हा, आणि पुण्यातल्या त्या मोठ्या दुकानात तो मला कोणी विचारला नव्हता. तोडायच्या कुऱ्हाडीचे पाते पातळ असते आणि आडव्या धाग्यात खोल शिरते. फोडायची कुऱ्हाड गालांवर जाड असते, पाचरीसारखी, म्हणजे लाकूड उभे उकलते. पातळ पात्याने ओंडका फोडायला गेले तर ते अडकून बसते, आणि जाडीने फांदी तोडायला गेले तर नुसता चेचा होतो. दोन्ही कामांना एकच हवी असेल तर मधली घ्यावी आणि दोन्हीकडे थोडे सोसावे.

“चालवनार कोन?” हा दुसरा प्रश्न.

इथे मी खोटे बोललो. बहात्तर वर्षांचा थोरला भाऊ लाकडे तोडतो आणि धाकटा मोटारीतून येऊन जातो, हे त्या घण घालणाऱ्या बाईसमोर माझ्याच्याने सांगवेना. “मीच,” मी म्हणालो. म्हाताऱ्याने माझा हात हातात घेऊन तळवा पाहिला, ज्योतिषी पाहतात तसा. त्यात त्याला काय भविष्य दिसले कोण जाणे, पण तो म्हणाला, “मग लई जड नको. सव्वा किलो बास.” आणि सुतळीने माझ्या काखेपासून तळव्यापर्यंतचे माप घेऊन तिला गाठ मारली.

तयार कुऱ्हाडी समोर पडल्या होत्या, पण त्यांतली मागितली तर देईना. आधी पाहायला शीक, मग घे, असा त्याचा रोख होता. त्याने एक पाते नेढ्यात दोरी ओवून उचलले आणि खिळ्याने ठोकले. टण्ण करून आवाज निघाला आणि रेंगाळला. दुसरे ठोकले, आवाज बद्द. त्याने बोटाने दाखवले तेव्हा नेढ्याच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. “ह्येच्यावर रंग दिला तर दिसंल का?” दादाच्या प्रश्नाचे उत्तर मला असे तिसऱ्याच ठिकाणी मिळाले. मग त्याने मला धार डोळ्यांच्या रेषेत धरायला लावली: धारेची रेघ आणि दांड्याची मधली रेघ एका ओळीत हवी, नाहीतर घाव कायम एका अंगाला जातो आणि माणूस उगाच आपल्या मनगटाला दोष देतो. नेढ्याच्या दोन्ही भिंती सारख्या जाड हव्यात. ते वरच्या तोंडाला किंचित रुंद हवे, म्हणजे पाचर ठोकली की दांड्याचे डोके वर पसरते आणि पाते निसटत नाही.

दांड्याची शिकवणी सर्वांत लांबली. लाकूड धामणीचे, लवते, मोडत नाही, आणि हाताला हिसका देत नाही. देशावर बाभळीचाही घालतात. पण झाड कोणते यापेक्षा ते कसे काढले हे महत्त्वाचे. फळीतून कापून काढलेला दांडा बाहेरून सरळ दिसतो, परंतु त्याचे धागे मधूनच बाजूला फुटून बाहेर पडलेले असतात. फाडून काढलेल्या दांड्यात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात. टोकावर ज्या रेघा दिसतात त्या पात्याच्या दिशेने उभ्या हव्यात, आडव्या नकोत. गाठ नको. आणि सावलीत वाळलेला हवा. “रोगन लावलं की ह्ये सारं झाकतं,” म्हातारा म्हणाला. रंग आणि रोगण या दोन गोष्टींवर त्याचा भारीच राग होता.

माझी कुऱ्हाड त्याने खंडेनवमी झाल्यावर घडवली. त्या दिवशी ऐरणीला आणि घणाला फुले वाहिलेली होती, असे सुनेने सांगितले. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी मुद्दाम गेलो आणि तीन तास उकिडवा बसून सगळे पाहिले. जुनी रीत अशी, की अंगात लोखंड आणि तोंडात पोलाद. नुसत्या लोखंडाला धार टिकत नाही, आणि सबंध पोलादाची करायची तर महाग पडते. त्याने लोखंडाची जाड पट्टी तापवून एका सळईभोवती दुमडली, तेच नेढे. मग दोन्ही पाकळ्यांच्या मध्ये ट्रकच्या कमानपाट्याचा पोलादी तुकडा सरकवला, वर टाकणखार भुरभुरला, आणि भात्याचा वारा वाढवला. लोखंड लाल झाले, नारिंगी झाले, पिवळे झाले. ठिणग्या उडेपर्यंत पांढरे झाले तेव्हा त्याने ते ऐरणीवर आणले आणि सून तुटून पडली. त्या पाचसहा घावांत दोन धातू एक होतात. नाही झाले तर पुढे कधीतरी सुटतात, आणि बाहेरून काही कळत नाही. हे काम झाल्यावर त्याने पाते ठोकून पाहिले. टण्ण!

शेवटी पाणी द्यायचे. यासाठी त्याने पालाचा पडदा ओढून अंधार केला. उन्हात लोखंडाचा रंग फसवतो. धारेकडची दोन बोटे लाल करून त्याने पाण्यात बुडवली. आता धार काचेसारखी कडक झाली, पण काचेसारखीच फुटणारीही. मग त्याने दगडाने एक पट्टा घासून उजळला आणि पाते निखाऱ्यांवर धरले. उजळलेल्या पट्ट्यावर गवती पिवळा रंग सरकू लागला, त्याच्यामागून तपकिरी, त्याच्यामागून जांभळा. मला वाटले आता, आता. म्हातारा हालेना. जांभळ्यात निळी झाक मिसळली आणि त्या क्षणी चर्रर! पिवळ्यावर थांबले तर वस्तऱ्याला ठीक, पण कुऱ्हाड गाठीवर पडली की कपची उडते. निळा पुढे जाऊ दिला तर धार दुमडते, माझ्या लाल राणीसारखी. सगळी किंमत त्या दोन श्वासांची. आपण माणसाचे पाणी जोखतो म्हणतो ना, ते कशावरून आले असावे हे मला त्या पालात कळले. त्याने माझ्या हातात कानस दिली. धारेवर ओढली, ती घसरली नाही आणि लोण्यात शिरावी तशी शिरलीही नाही, किंचित चावली. “अशी पायजे,” तो म्हणाला.

माझा भाचा स्वीडनमध्ये असतो. तिथे ग्रेन्सफोर्स नावाच्या गावात १९०२ पासून कुऱ्हाडींची भट्टी आहे आणि घडवणारा लोहार प्रत्येक पात्यावर आपल्या नावाची आद्याक्षरे उठवतो, असे त्याने मला फोनवर चित्रासकट दाखवले होते. मी ते म्हाताऱ्याला सांगितले. त्याला ते पटले. पण स्वतः तसे करायला तो तयार नव्हता. “आमी आज हितं, उद्या तिथं. नाव वाचून सापडनार कुठं? काम बिघडलं तरच मानूस सोधत येतो. मग न आलेलाच बरा.” आठशे रुपये मागितले. मी घासाघीस केली नाही. एरवी मी भाजीवाल्याशीही करतो.

दिवाळीला आम्ही दोघे कोकणात गेलो. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते. त्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर मी पोत्यात गुंडाळलेली कुऱ्हाड दादापुढे ठेवली आणि काही न बोलता बसलो. त्याने पोते सोडले. काळे पाते, रंग नाही, रोगण नाही. दांड्याला नुसते तेल चोळलेले. त्याने नखाने पाते वाजवले. मग धार डोळ्यांच्या रेषेत धरली. मग टोकावरच्या रेघा पाहिल्या, पाचर पाहिली, अंगठा धारेवर आडवा फिरवला. पालात मला शिकवला होता तोच क्रम. हे सगळे दादाला येत होते. मला विचारायचे सुचले नव्हते, एवढेच.

सरतेशेवटी त्याने पाते तळव्यात धरून दांडा काखेत घातला. तो काखेच्या चार बोटे वर आला. दादा माझ्याहून ठेंगणा आहे.

“माप कुणाचे घेतलेस?”

मी बोलेना. वहिनी पणतीची वात सारत होती, तिचा हात थांबला.

“माझ्या कामाची नाही ही,” दादा म्हणाला. पाते पुन्हा एकदा नखाने वाजवून आवाज संपेपर्यंत ऐकला. “कुऱ्हाड चांगली आहे. पण तुझी आहे. म्हणजे फोडायचीही तूच.”

भाऊबीज झाल्यावर मी सुरुवात केली. पहिल्या दिवशी अकरा ओंडके आणि चार फोड. फणसाचा चीक पात्याला चिकटे, तो खोबरेल तेलाने पुसावा लागे. तेच तेल मग वहिनी माझ्या तळव्यांना देई. दादा पायरीवर बसून “पाय मागे,” “पाय फाक,” “घाईने मारू नको, तिच्या वजनाने पडू दे,” अशा सूचना करी. आठवडाभराने त्याने सूचना करणे थांबवले, ही माझ्या आयुष्यातली एक मोठी बढती आहे. घावाखाली फणसाचे पिवळेधमक लाकूड उघडे पडे, तेव्हा तो एखादी ढलपी उचलून न्याहाळी आणि बाजूला ठेवून देई. त्या तो कशाला जमवत होता हे मी विचारले नाही.

तेव्हापासून दर तीन-चार महिन्यांनी माझी एक फेरी ठरलेली आहे. आजोबांच्या कुऱ्हाडीची खुंटी पडवीत रिकामी होती, तिच्यावर ही टांगलेली असते. म्हाताऱ्याला दाखवावी म्हणून मी दोनदा पौडजवळ थांबलो. पाल तिथे नव्हते.

गेल्या पावसाळ्यात दादाने न्हाणीत गॅसचा बंब बसवून घेतला, असे वहिनीने आमच्या हिला फोनवर सांगितले. दादाने मला ते अद्याप सांगितलेले नाही. परवाच त्याचा फोन आला होता.

“लाकडे संपत आलीत,” तो म्हणाला. “कधी येतोस?”